मेंदूतलं ग्लुकोज नक्की कोण वापरतं: चेतापेशी की अ‍ॅस्ट्रोसाइट?

फळा-खडू

अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. मेंदूचा भाग आला की पुस्तकातलं एक वाक्य फळ्यावर लिहिलं जातंच: "मेंदूचं इंधन ग्लुकोज, मेंदू त्याचा साठा करत नाही." यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. तिनं कुठंतरी वाचलं होतं की अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या सहायक पेशींमध्ये ग्लायकोजेन (ग्लुकोजचा साठा) असतं आणि त्या चेतापेशींना लॅक्टेट पुरवतात. "बाई, लॅक्टेट म्हणजे स्नायूंत साचतो तो कचरा ना? मग चेतापेशी कचरा का खातील? आणि त्यांना ग्लुकोज थेट रक्तातून घ्यायला काय होतं?"

उद्या सांगते म्हणाले आणि सुटका करून घेतली. त्यानंतर नेटवर शोधलं तर निम्मे लेख म्हणतात हे सिद्ध झालंय, निम्मे म्हणतात यावर वाद आहे. मुलगी हुशार आहे, "शास्त्रज्ञांत मतभेद आहेत" एवढ्यावर ऐकणार नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सहज_वाचक

प्रश्न आवडला. जाणकार येईपर्यंत पार्श्वभूमी म्हणून: मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण आपण स्वस्थ बसलेलो असताना एकूण ऊर्जेतला जवळपास २० टक्के वाटा त्याचा. त्यातला मोठा भाग पेशीत शिरलेलं सोडियम परत बाहेर फेकण्यात जातो. आणि पूर्वी सांगायचे तसं "ग्लिया म्हणजे सहायक पेशी चेतापेशींच्या दहापट" हे आता कोणी मानत नाही. २००९ च्या मोजणीत माणसाच्या मेंदूत चेतापेशी सुमारे ८६ अब्ज भरल्या आणि इतर पेशी साधारण तेवढ्याच. बाकी वाचतोय.

हिप्पोकॅम्पस

माझं रोजचं काम उंदराच्या मेंदूचे पातळ काप जिवंत ठेवून त्यांतले विद्युत संदेश मोजायचं. त्यामुळे हा वाद मी लेखांत कमी आणि टेबलावर जास्त पाहिलाय. जरा लांब लिहिते.

आधी कचऱ्याचं. एका ग्लुकोजचे दोन लॅक्टेट होतात तेव्हा पेशीच्या हाती निव्वळ दोन एटीपी (पेशीच्या ऊर्जेचं चलन) लागतात. तेच ग्लुकोज मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, ऑक्सिजनसकट पूर्ण वापरलं तर तीसच्या आसपास. मधला फरक गेला कुठं? तो लॅक्टेटमध्येच आहे. अर्धवट जळलेल्या लाकडाचा कोळसा उरतो, त्याला कुणी राख म्हणत नाही. चेतापेशी लॅक्टेट आत घेते, त्याचं पायरुव्हेट करते आणि ते मायटोकाँड्रियात घालते. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी अंग दुखतं त्याचं खापर लॅक्टेटवर फोडलं जातं, तेही खोटं. तोवर ते रक्तातून केव्हाच गेलेलं असतं.

आता रचना. मेंदूतल्या केशवाहिन्यांना अ‍ॅस्ट्रोसाइटच्या पसरट टोकांनी जवळजवळ पूर्ण वेढलेलं असतं. १८७० च्या दशकात गोल्जीनं चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या कापांत हे पाहिलं आणि पोषण इथूनच जात असणार असा तर्कही केला. पेशीचं एक अंग रक्तवाहिनीला, दुसरं चेतासंधींना, म्हणजे दोन चेतापेशी जिथं एकमेकींना संदेश देतात त्या जागांना. ही जागा पाहिली की तर्क सुचणारच. पण जागा म्हणजे पुरावा नव्हे.

पुराव्याची मोठी उडी १९९४ ची. पेलेरिन आणि मॅजिस्ट्रेटी यांनी बशीत वाढवलेल्या अ‍ॅस्ट्रोसाइटवर ग्लुटामेट, म्हणजे चेतापेशी एकमेकींना संदेश द्यायला सोडतात ते रसायन, टाकलं. पेशी जास्त ग्लुकोज ओढायला लागल्या आणि जास्त लॅक्टेट बाहेर टाकायला लागल्या. का, ते बघा. चेतासंधीत सांडलेलं ग्लुटामेट अ‍ॅस्ट्रोसाइट उचलून घेते. प्रत्येक रेणूबरोबर तीन सोडियम आत येतात. ते बाहेर काढायला पंप, पंपाला एटीपी. शिवाय ग्लुटामेटचं ग्लुटामिन करून चेतापेशीला परत द्यायचं, त्यालाही रेणूमागे एक एटीपी. ही घाईची गरज ती ग्लुकोज अर्ध्यावर फोडून भागवते आणि उरलेलं लॅक्टेट बाहेर सोडते. म्हणजे चेतापेशी जितक्या बोलतील तितकं इंधन शेजारी तयार होत राहील. कल्पना इतकी देखणी की लोक तिच्या प्रेमात पडले. मला वाटतं थोडे जास्तच पडले.

कारण मुलीचा तिसरा प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवतो. चेतापेशीला ग्लुकोज थेट घ्यायला काहीही होत नाही! तिच्या पृष्ठभागावर ग्लट-३ नावाचं वाहक प्रथिन असतं. अ‍ॅस्ट्रोसाइट आणि केशवाहिनीच्या भिंतीवर असतं त्या ग्लट-१ पेक्षा ते वेगवान, आणि ग्लुकोज कमी असतानाही ते पकडतं. उपाशी राहायचं असतं तर हे कशाला लागलं असतं?

मग काप काय सांगतात? शूर आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्येच उंदराच्या वर्गातल्याच पण मोठ्या प्राण्याच्या, म्हणजे रॅटच्या हिप्पोकॅम्पसच्या (आठवणींशी संबंधित मेंदूचा भाग) कापांत दाखवलं की द्रवातलं ग्लुकोज काढून लॅक्टेट दिलं तरी चेतासंधी काम करत राहतात. प्रयोग करायला सोपा वाटतो, पण खोड्या आहेत. नेहमीच्या द्रवात १० मिलिमोलर (तीव्रतेचं एकक) ग्लुकोज असतं. त्याच्या जागी तेवढाच कार्बन हवा म्हणून २० मिलिमोलर सोडियम लॅक्टेट घालायचं. मग सोडियम वाढतं, म्हणून तेवढं मीठ कमी करायचं. ते केलं की द्रवाची परासरणता (विरघळलेल्या कणांची एकूण दाटी) खाली येते, म्हणून सुक्रोज घालायचं, कारण ते चेतापेशीला वापरता येत नाही. यातलं एक पाऊल चुकलं तर पेशी फुगतात आणि आपल्याला वाटतं "लॅक्टेटचा परिणाम दिसला". द्रव बदलला की पडद्यावरचा संदेश आधी खचतो, मग हळूहळू सावरतो. तो सावरेपर्यंत टेबलाला कुणी हात लावलेला मला खपत नाही.

एवढं करून सिद्ध काय होतं? चेतापेशीला लॅक्टेट *चालतं*. रोज ती तेच *वापरते* हे नाही. आणि मला खरं खुपतं ते वेगळंच. जिवंत मेंदूत पेशींच्या आजूबाजूला ग्लुकोज साधारण १ ते २ मिलिमोलर असतं. आम्ही देतो १०, का तर कापात रक्तप्रवाह नाही आणि सगळं बाहेरून झिरपत आत जावं लागतं. इतक्या ग्लुकोजमध्ये बुडवलेल्या पेशीला अ‍ॅस्ट्रोसाइटची गरज लागली नाही, तर त्यावरून माझ्या डोक्यातली चेतापेशी काय करते ते ठरवायचं? मी नाही ठरवणार.

विरुद्ध बाजूचा कडक पुरावा २०१७ चा, येलेन यांच्या गटाचा. त्यांनी उंदराच्या चेतापेशींतच चमकणारे संवेदक बसवले आणि पेशी उत्तेजित केल्या. ग्लुकोज फोडण्याचं काम चेतापेशीत स्वतःतच वाढलेलं दिसलं, आणि लॅक्टेट आत घ्यायचा मार्ग बंद केला तरी वाढलं. दुसरीकडे २००९ मध्ये बोलान्यॉस यांच्या गटानं दाखवलं होतं की ग्लायकॉलिसिसचा, म्हणजे ग्लुकोज फोडण्याचा, वेग वाढवणारं एक विकर (एन्झाइम) चेतापेशी सतत मोडून टाकत असते. ते मुद्दाम वाढवलं तर पेशीवर ऑक्सिडीकरणाचा ताण येऊन ती मरते, कारण ग्लुकोजचा एक हिस्सा तिला ताण निस्तरणारे रेणू तयार ठेवायलाही लागतो. दोन्ही प्रयोग चांगले आहेत. पहिल्यात घटना सेकंदांची, दुसऱ्यात कायमची सक्ती. मला यात भांडण दिसत नाही, काळाचं माप वेगळं दिसतं.

माझं मत: "ग्लुकोज की लॅक्टेट" हा प्रश्नच अपुरा आहे. किती सेकंदांनी, आणि चेतापेशीच्या कुठल्या भागात, हे विचारल्याशिवाय उत्तर नाही. ठिणगी पडते त्या क्षणी चेतापेशी स्वतःचं भागवते. काम लांबलं की शेजाऱ्यांचा वाटा वाढतो. आणि लांब अक्षतंतूचं (चेतापेशीची संदेश वाहणारी शेपटी) गणित तर पूर्ण वेगळं, त्यात अ‍ॅस्ट्रोसाइटही मुख्य नाही. त्याबद्दल कुणाला रस असेल तर लिहीन.

सहज_वाचक

रस आहे. लिहाच. आणि साठ्याचं राहिलं.

किरणोत्सारी

हिप्पोकॅम्पस, +१. माझ्या कामाच्या बाजूनं भर घालतो. मी पेट (PET) स्कॅन, म्हणजे किरणोत्सारी औषध शरीरात कुठं साचलं ते दाखवणारी चित्रं, वाचतो. एफडीजी म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन लावलेलं ग्लुकोजचं भावंड. ते ग्लुकोजच्याच वाहकांनी पेशीत शिरतं, त्याला फॉस्फेट जोडलं जातं आणि पुढचं विकर ते हाताळू शकत नाही, म्हणून तिथेच अडकतं. मेंदूचा स्कॅन असेल तर औषध टोचल्यावर रुग्णाला मंद उजेडाच्या शांत खोलीत बसवतो. बोलायचं नाही, मोबाइल नाही, वाचायचं नाही. अर्धा तास मेंदू जे करेल तेच चित्रात येणार. एकदा एक आजोबा आत बसून पूर्ण वेळ भिंतीवरच्या सूचना वाचत बसले, आणि डोक्याच्या मागचा दृष्टीचा भाग असा काही उजळला की रिपोर्टमध्ये तळटीप लिहावी लागली.

आम्ही रिपोर्टमध्ये सर्रास लिहितो, "या भागात चेतापेशींची क्रिया कमी". पण चित्रातल्या एका ठिपक्यात दोन्ही जातींच्या असंख्य पेशी असतात. ते एफडीजी कुणी उचललं हे यंत्र सांगू शकत नाही. २०१७ मध्ये रॅटमध्ये ग्लुटामेट उचलणारं अ‍ॅस्ट्रोसाइटचं वाहक सेफ्ट्रायक्झोननं चेतवलं (होय, तेच प्रतिजैविक), तर एफडीजीची उचल वाढली. तेव्हापासून ते वाक्य लिहिताना माझा हात अडखळतो. लिहितो तरी, कारण डॉक्टरांना तेच समजतं.

आणखी एक, हे फळ्यासाठी उपयोगी पडेल. १९८८ मध्ये फॉक्स आणि राइकल यांनी माणसाला डोळ्यांनी काम दिलं आणि दृष्टीच्या भागात मोजलं. रक्तप्रवाह ५० टक्के वाढला, ग्लुकोजचा वापर ५१ टक्के, ऑक्सिजनचा फक्त ५. म्हणजे त्या वेळी जास्तीचं ग्लुकोज पूर्ण जाळलं जात नव्हतं. कोणत्या पेशीत, ते यावरून कळत नाही.

हिप्पोकॅम्पस

आजोबांचा किस्सा भारी!

आता अक्षतंतू. पांढऱ्या भागातला लांब तंतू डोळ्यांसमोर आणा. त्यावर ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या सहायक पेशीनं मायलिनचे (स्निग्ध आवरणाचे) थर गुंडाळलेत. उघडी जागा फक्त दोन गुंडाळ्यांच्या मधली फट. बाकी सगळी लांबी झाकलेली. मायलिन असलं की संदेश उडी मारत जातो आणि वीज वाचते, हे पुस्तकात असतं. त्याच मायलिननं तंतूचं बाहेरच्या ग्लुकोजशी नातं तोडलं, हे नसतं. पेशीचं मूळ शरीर खूप दूर, तिथून एटीपी वाहून आणणं शक्य नाही.

२०१२ मध्ये याची दोन उत्तरं आली. रॉथस्टाइन यांच्या गटानं ऑलिगोडेंड्रोसाइटमधलं लॅक्टेट बाहेर सोडणारं वाहक (एमसीटी-१) कमी केलं, तर अक्षतंतू खराब झाले. नावे यांच्या गटानं उलट केलं: ऑलिगोडेंड्रोसाइटच्या मायटोकाँड्रियाचं श्वसनच जनुक काढून बंद पाडलं. वाटेल की पेशी मरतील. मेल्या नाहीत. मायलिन टिकलं, तंतूही टिकले. त्या पेशी ग्लुकोज अर्ध्यावर फोडून जगत होत्या. यातला मला सगळ्यात आवडणारा तपशील: या उंदरांना भूल दिली की मेंदूत लॅक्टेट चढलेलं दिसायचं, आणि भूल उतरली की भराभर खाली यायचं. शेजारी कोणीतरी ते वापरत होतं.

गरजेप्रमाणे पुरवठा जुळवून घेण्याचा भाग म्हणाल तर तो इथं सगळ्यात स्वच्छ दिसतो. २०१६ च्या कामात असं निघालं की तंतूतून संदेश जाताना सुटणारं ग्लुटामेट ऑलिगोडेंड्रोसाइटवरच्या एनएमडीए ग्राहकांना (ग्लुटामेट ओळखणारी प्रथिनं) जाऊन चिकटतं, आणि त्यानं पेशी आपलं ग्लट-१ आतून पृष्ठभागावर आणते. जास्त वर्दळ, जास्त ग्लुकोज आत, जास्त लॅक्टेट बाहेर. हे ग्राहक काढून टाकलेल्या उंदरांत तंतू लगेच नाही, वय वाढल्यावर खराब होतात. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण पुरवठ्यातली उणीव अशीच दिसणार: आज काही नाही, पुढे कधीतरी.

ग्लुकोजच नसेल तर? २०२४ मध्ये उंदराच्या दृष्टीचेतेत (डोळ्यापासून मेंदूकडे जाणारा तंतूंचा जुडगा) दिसलं की ऑलिगोडेंड्रोसाइट मेदाम्लं जाळून काही काळ निभावतात, आणि ती मायलिनमधून येतात. पुढल्या वर्षी मॅरेथॉन धावणाऱ्यांचे एमआरआय प्रसिद्ध झाले: शर्यतीनंतर मेंदूच्या काही भागांत मायलिनचा निर्देशांक उतरलेला, दोन महिन्यांत पूर्ववत. धावणारे दहाच होते आणि एमआरआय मायलिनमधलं पाणी मोजतो, मायलिन नाही. बातम्यांचे मथळे "धावल्यानं मेंदू स्वतःला खातो" असे होते. मी तसं म्हणणार नाही.

साठा. ग्लायकोजेन मेंदूत आहे, यकृताच्या मानानं अगदी थोडं, आणि जवळपास सगळं अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये. दृष्टीचेता बाहेर काढून ग्लुकोज पूर्ण थांबवलं तर या साठ्यावर ती वीसेक मिनिटं संदेश देत राहते. पण हा साठा दुष्काळासाठीच ठेवलाय असं नाही. आपण दचकतो, लक्ष एकवटतो तेव्हा नॉरअ‍ॅड्रेनालिन सुटतं आणि अ‍ॅस्ट्रोसाइट ग्लायकोजेन मोडायला घेते.

२०११ चा प्रयोग मुलीला नक्की सांगा. रॅट अंधाऱ्या कप्प्यात गेला की पायाला हलका झटका. दुसऱ्या दिवशी तो तिथं जायला कचरतो, म्हणजे आठवण राहिली. हिप्पोकॅम्पसमध्ये औषध टोचून ग्लायकोजेनचं विघटन थांबवलं तर शिकणं होतं, थोड्या वेळाची आठवण राहते, पण दुसऱ्या दिवशीची पुसते. सोबत लॅक्टेट दिलं तर परत येते. आणि चेतापेशीचं लॅक्टेट *आत घेणारं* वाहक (एमसीटी-२) कमी केलं तर लॅक्टेट देऊनही येत नाही, ग्लुकोज देऊनही नाही. या शेवटच्या वाक्यासाठी तो प्रयोग मला पटतो. अवांतर: लॅक्टेट इथं फक्त इंधन आहे की संकेतही, हा वेगळा धागा होईल, त्यात आज शिरत नाही.

सहज_वाचक

मग परीक्षेच्या आधी पळून आलं, किंवा लॅक्टेटची पूड मिळते ती घेतली, तर पाठांतर टिकेल काय? अर्धवट गंमत, अर्धवट प्रश्न.

हिप्पोकॅम्पस

पुडीचं उत्तर नाही. रॅटच्या हिप्पोकॅम्पसमध्ये सुईनं दिलेली मात्रा आणि तोंडानं घेतलेली पूड यांचा संबंध नाही. यकृत मध्ये बसलंय, ते आलेल्या लॅक्टेटचं परत ग्लुकोज करतं.

पळण्याचं उत्तर थोडं हो. विश्रांतीत रक्तात लॅक्टेट १ मिलिमोलरच्या आसपास असतं, जीव तोडून पळालं की १० च्या वर जातं. तेव्हा मेंदू ते रक्तातून घेतो आणि जाळतोही, हे माणसांत मोजलेलं आहे. पाठांतराचं मात्र त्यावरून काही ठरत नाही.

फळा-खडू

सगळ्यांचे आभार, विशेषतः हिप्पोकॅम्पस आणि किरणोत्सारी. वर्गात सांगितलं. अक्षतंतूचा भाग मुलांना सगळ्यात आवडला. आता तिचा पुढचा प्रश्न: "म्हणजे 'मेंदूला फक्त ग्लुकोज चालतं' हे चूक का?" आणि माझा: परीक्षेत काय लिहायला सांगू?

किरणोत्सारी

तिला ग्लट-१ च्या कमतरतेचा आजार सांगा. १९९१ मध्ये डि व्हिवो यांनी वर्णन केला. रक्तातलं ग्लुकोज व्यवस्थित, पण मेंदूभोवतीच्या द्रवात कमी, कारण केशवाहिनीच्या भिंतीवरचं वाहकच अपुरं. बाळांना झटके येतात. उपचार म्हणजे भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी कर्बोदकं असलेला आहार, डॉक्टरांच्या देखरेखीत. यकृत स्निग्धाचे कीटोन बनवतं, ते लॅक्टेटवाल्या वाहकांच्याच कुटुंबातून मेंदूत शिरतात, आणि बऱ्याच मुलांचे झटके आटोक्यात येतात. "फक्त" खरं असतं तर हा उपचार लागू पडलाच नसता. १९६७ मध्ये केहिल यांच्या गटानं कित्येक आठवडे उपाशी असलेल्या माणसांत मोजलं, तेव्हा मेंदूचं निम्म्याहून अधिक इंधन कीटोन होतं.

हिप्पोकॅम्पस

परीक्षेत "मुख्य इंधन ग्लुकोज" लिहू द्या, ते खरंच आहे. "साठा करत नाही"च्या जागी "साठा फार थोडा, तोही अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये" असं लिहिलं तर कुणी गुण कापू नये. कापले तर मला सांगा. आणि फळ्यावर आकृती काढताना केशवाहिनीपासून दोन बाण काढा, एक अ‍ॅस्ट्रोसाइटकडे, एक थेट चेतापेशीकडे. बहुतेक आकृत्यांत दुसरा बाण गाळलेला असतो.